‘तो काळच तसा होता’ असे म्हणण्यापूर्वी

प्रश्न : मी एका फिल्म सोसायटीचा चिटणीस आहे. मध्ययुगावरील तीन भव्य चित्रपटांची मालिका आम्ही जाहीर केली होती : ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५), ‘किंगडम ऑफ हेवन’ (२००५) आणि ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ (१९३८). पहिल्याच, म्हणजे ‘ब्रेव्हहार्ट’च्या, खेळानंतर दोन तक्रारी आल्या. एक ज्येष्ठ सभासद बाई रक्तपात असह्य होऊन अर्ध्यातून उठून गेल्या आणि हिंसेचे हे प्रदर्शन कशासाठी, असे त्यांनी लेखी विचारले. दुसरे सभासद इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत; त्यांनी चित्रपटातील चुकांची लांबलचक यादी पाठवली. चर्चेच्या वेळी मी बाईंना म्हणालो, ‘तो काळच तसा क्रूर होता,’ आणि सरांना म्हणालो, ‘हा चित्रपट आहे, पाठ्यपुस्तक नव्हे.’ दोघेही दुखावले आहेत. उरलेले दोन खेळ रद्द करावेत, असे कार्यकारिणीतील काहींचे मत आहे. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. खेळ रद्द करू नका, परंतु आपण दिलेली दोन्ही उत्तरे मात्र मागे घ्या, कारण ती एकमेकांना छेद देतात. बाईंनी हिंसेबद्दल विचारले तेव्हा आपण इतिहासाचा आधार घेतलात. सरांनी इतिहासाबद्दल विचारले तेव्हा आपण तोच आधार सोडून दिलात. हे आपल्या एकट्याच्या बाबतीत घडलेले नाही. अशा चित्रपटांचे निर्माते आणि चाहतेही नेमकी हीच सवलत मागतात : रक्त दाखवायचे तेव्हा वास्तवाचे नाव घ्यायचे आणि तारखा चुकल्या की कलेचे स्वातंत्र्य पुढे करायचे. पडद्यावरचा प्रत्येक घाव हेसुद्धा भूतकाळाविषयीचे एक विधानच असते. कोणी, कोणाला, कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत मारले, हे चित्रपट सांगत असतो, आणि ते विधान पोशाखाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक काटेकोरपणे तपासले गेले पाहिजे. तसे पाहिले तर आपल्याकडे आलेल्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत.

सरांची यादी मी पाहिलेली नाही, पण त्यात काय असेल याचा अंदाज बांधता येतो. तेराव्या शतकातील स्कॉटिश सैनिकांच्या अंगावर ते घोळदार चौकड्याचे वस्त्र नव्हते. चेहऱ्यावर निळा रंग फासण्याची कल्पना त्याहून हजारएक वर्षे जुन्या काळातून उचललेली आहे. ११ सप्टेंबर १२९७ ची स्टर्लिंगची लढाई स्कॉटिश सैन्याने इंग्रजांविरुद्ध ज्या अरुंद पुलामुळे जिंकली, तो पूलच चित्रपटात नाही, आणि त्या विजयातला बरोबरीचा सेनानी अँड्र्यू मरे याचाही पत्ता नाही. इंग्लंडच्या राजपुत्राची पत्नी म्हणून दाखवलेली इझाबेला ही चित्रपटाचा नायक, स्कॉटिश बंडखोर विल्यम वॉलेस याच्या मृत्यूच्या वेळी जेमतेम दहा वर्षांची होती आणि तिचे लग्न १३०८ साली झाले. त्यामुळे चित्रपटातील प्रेमप्रकरण अशक्यच ठरते. या चुका खऱ्या आहेत, त्यांवर हसायला हरकत नाही, आणि खरे सांगायचे तर वस्त्रांच्या चुकीने मला फारसा त्रासही होत नाही. त्रास होतो तो यादीत बहुधा खाली राहिलेल्या गोष्टींचा.

चित्रपट १२८० साली सुरू होतो. स्कॉटलंडचा राजा निपुत्रिक मेला आहे असे निवेदक सांगतो, आणि वाटाघाटींसाठी बोलावलेल्या स्कॉटिश सरदारांना एका कोठारात फाशी दिलेले लहानगा वॉलेस पाहतो. प्रत्यक्षात १२८० साली राजा तिसरा अलेक्झांडर हयात होता, त्याचा वारस मुलगाही हयात होता, आणि इंग्लंडशी युद्ध नव्हते. राजा वारला तो मार्च १२८६ मध्ये. ती कत्तल कल्पित आहे. आता दुसरी बाजू पाहा. ३० मार्च १२९६ रोजी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या सैन्याने बेरिक हे स्कॉटलंडचे भरभराटीचे व्यापारी बंदर जिंकले आणि नगरवासीयांची कत्तल केली. त्या काळच्या वृत्तांतकारांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण ते हजारांच्या घरातले आहेत. या घटनेने युद्धाला तोंड फुटले, आणि ती चित्रपटात नाही. म्हणजे खरी कत्तल गाळून तिच्या जागी खोटी बसवली गेली. मला यात केवळ आळस दिसत नाही. कोठारातील फाशीमुळे एका मुलाच्या मनात वैर पेरले जाते, आणि वैयक्तिक सूडावर उभ्या राहणाऱ्या कथेला असाच आरंभ सोयीचा असतो. बेरिकमधील व्यापारी, कारागीर आणि त्यांची कुटुंबे यांना अशा कथेत जागा नसते.

नववधूवर पहिल्या रात्री जमीनदाराचा हक्क असल्याचा जो कायदा एडवर्ड तेथे पुन्हा चालू करतो, त्याचीही तीच गोष्ट आहे. असा कायदा मध्ययुगीन इंग्लंड किंवा स्कॉटलंडमध्ये अमलात होता, याला पुरावा नाही. स्त्रियांवर त्या काळी युद्धात अत्याचार झाले नाहीत असे मुळीच नव्हे. ते झाले, आणि ते सगळ्याच बाजूंच्या सैन्यांनी केले. कायद्याच्या रूपात ते एकाच बाजूच्या माथी मारले की नायकाच्या हातून पुढे होणारी प्रत्येक हत्या न्याय्य वाटू लागते, आणि चित्रपटाला नेमके तेवढेच हवे असते.

नायकाच्या हिंसेचा हिशोबही असाच पाहण्यासारखा आहे. स्टर्लिंगला इंग्रजांचा खजिनदार ह्यू क्रेसिंगहॅम मारला गेला, त्याच्या प्रेताची कातडी सोलण्यात आली, आणि लॅनरकॉस्ट वृत्तांतानुसार तिच्या एका पट्ट्यापासून वॉलेसने आपल्या तलवारीचा पट्टा करवून घेतला. हा वृत्तांत इंग्रज बाजूचा आणि वॉलेसबद्दल उघड द्वेष बाळगणारा आहे, म्हणून पट्ट्याचा तपशील जपून घ्यावा लागतो. मात्र त्याच वर्षीच्या शरद ऋतूत स्कॉटिश सैन्याने नॉर्दम्बरलँडमध्ये शिरून गावे जाळली आणि लूट केली, याबद्दल दुमत नाही. चित्रपटात या मोहिमेच्या जागी यॉर्क शहरावरचा धाडसी विजय येतो, जो कधी झालाच नाही. जळणारी खेडी गेली आणि पडणारा किल्ला आला. ‘काळच तसा होता’ हे वाक्य खरे मानायचे असेल, तर ते वॉलेसलाही लागू करावे लागेल, आणि ते करण्याची चित्रपटाची तयारी नाही.

आपल्या बाईंना कोणते दृश्य असह्य झाले हे पत्रात नाही, पण मला विचाराल तर त्या चित्रपटातील सर्वांत आक्षेपार्ह हिंसेत रक्ताचा थेंबही दिसत नाही. म्हातारा राजा आपल्या मुलाच्या जिवलग सोबत्याला खिडकीतून खाली फेकून देतो, आणि प्रसंगाची मांडणी अशी आहे की प्रेक्षकाने हसावे. १९९५ साली अमेरिकेतील समलिंगी हक्क संघटनांनी याच दृश्याविरुद्ध निषेध नोंदवला होता. राजपुत्राचा खरा जिवलग पिअर्स गॅव्हेस्टन याला एडवर्डने १३०७ साली देशाबाहेर धाडले, आणि सरदारांनी त्याला ठार केले ते १३१२ मध्ये, म्हणजे म्हातारा राजा मरून पाच वर्षे झाल्यावर. ही चूक तारखांच्या यादीत एका ओळीत मावते. पण एका माणसाचा मृत्यू विनोद म्हणून वापरला गेला, ही गोष्ट त्या ओळीत येत नाही, आणि आपल्या सोसायटीत चर्चा व्हायला हवी होती ती याची.

याउलट ज्या प्रसंगाच्या भीषणतेबद्दल सर्वाधिक बोलले जाते, तो शेवटचा प्रसंग बराच संयमाने हाताळलेला आहे. २३ ऑगस्ट १३०५ रोजी वॉलेसला वेस्टमिन्स्टरहून स्मिथफील्डपर्यंत फरफटत नेले, फासावर लटकावून जिवंत खाली उतरवले, आतडी काढली, शिरच्छेद केला आणि देहाचे तुकडे न्यूकॅसल, बेरिक, स्टर्लिंग व पर्थ येथे पाठवले. शिर लंडन पुलावर लावले. राजद्रोह्याचा देह राज्याच्या नकाशावर वाटून टाकायचा, अशी ही सार्वजनिक शिक्षा होती. चित्रपटात कॅमेरा बहुतेक वेळ चेहऱ्यावर आणि जमलेल्या गर्दीवर राहतो, जखमा दाखवत नाही. येथे क्रौर्य खरे आहे, त्याचा हेतू खरा आहे आणि दाखवणे मोजके आहे. बाईंना हे सांगून पाहा. मात्र त्यांचे मत बदलावे म्हणून सांगू नका. कोणती हिंसा सहन होते आणि कोणती नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि अर्ध्यातून उठून जाणे हा प्रेक्षकाचा संपूर्णपणे रास्त प्रतिसाद आहे.

‘काळच तसा होता’ या विधानाकडे परत येतो, कारण ते निम्मे खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. त्या काळच्या हिंसेचे ज्ञान आपल्याला कोठून होते? पहिला स्रोत वृत्तांतांचा, आणि त्यांनाही अतिशयोक्तीची चटक होती. १५ जुलै १०९९ रोजी क्रूसेडरांनी, म्हणजे धर्मयुद्धावर निघालेल्या युरोपीय ख्रिस्ती योद्ध्यांनी, जेरुसलेम घेतले तेव्हा तेथे भयंकर कत्तल झाली, याबद्दल शंका नाही. पण मंदिराच्या आवारात घोड्यांच्या लगामांपर्यंत रक्त चढले होते, असे प्रत्यक्ष तेथे असलेल्या रेमों द’आगिलेर याने लिहिले, ते बायबलच्या अखेरच्या ग्रंथातील प्रतिमेवरून. त्याला रक्ताची खोली मोजायची नव्हती. हा ईश्वरी न्याय आहे असे सांगायचे होते. हत्या करणाऱ्याच्याच बाजूचा माणूस अभिमानाने रक्त वाढवून सांगतो, आणि आठ-नऊ शतकांनंतर एखादा दिग्दर्शक ते शब्दशः घेऊन त्याला वास्तववाद म्हणतो, असे घडू शकते. स्वतः वॉलेसची चित्रपटातील कथाही मुख्यतः ‘ब्लाइंड हॅरी’ या कवीच्या काव्यावर बेतलेली आहे, आणि ते काव्य वॉलेसच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी रचले गेले.

दुसरा स्रोत हाडांचा, आणि तो अधिक भरवशाचा आहे. १३६१ साली डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याने गोटलंड बेटावरील विस्बी शहराबाहेर तेथल्या शेतकऱ्यांची फौज कापून काढली. त्यांच्या सामूहिक कबरींमध्ये पायांवर घाव असलेले असंख्य सांगाडे मिळाले, कारण ढालीखाली पायच उघडे राहत. मृतांत कोवळी मुले होती, म्हातारी आणि अपंग माणसेही होती. इंग्लंडमधील टाउटन येथे १४६१ च्या लढाईतील एक कबर १९९६ साली सापडली. तेथील कवट्यांवर एकाच माणसाला झालेले अनेक वार दिसतात, जे बहुधा तो खाली पडल्यावर किंवा पळताना केलेले असावेत. चित्रपटात तलवारीच्या एका फटकाऱ्याने चिलखतासकट माणूस दुभंगतो आणि नायक पुढच्याकडे वळतो. हाडे सांगतात ती हिंसा याहून संथ, जवळून केलेली आणि कमी शोभिवंत होती. भव्य चित्रपटांविषयी माझी तक्रार त्यांत हिंसा जास्त असते ही नाही. ती देखणी असते, ही आहे.

त्यातही लढाई हा मध्ययुगीन युद्धाचा लहानसा भाग होता. सेनापती मैदानी लढाई शक्यतो टाळत, कारण एका दुपारी सर्वस्व गमावण्याची भीती असे. त्यापेक्षा शत्रूच्या मुलखातील गावे जाळणे, धान्य लुटणे आणि शहरे उपाशी मारणे हा सोयीचा मार्ग होता. १४१८-१९ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याने फ्रान्समधील रूआँ शहराला वेढा दिला असताना, धान्य पुरावे म्हणून नगररक्षकांनी हजारो गरीब, वृद्ध आणि मुलांना वेशीबाहेर काढले. हेन्रीने त्यांना आपल्या फळीतून जाऊ दिले नाही. तटबंदी आणि वेढा यांच्यामधल्या खंदकात ते लोक भुकेने आणि थंडीने मेले. यात तलवारबाजी नाही, आरोळी नाही, घोडदौड नाही, आणि म्हणूनच अशा दृश्यावर कोणी मोठा खर्च करत नाही. तो काळ क्रूर होता हे आपल्याला ठामपणे सांगायचे असेल, तर उदाहरण म्हणून हा खंदक सांगा.

आता पुढच्या दोन खेळांविषयी. ‘किंगडम ऑफ हेवन’मध्ये आपल्याला उलट अडचण येईल. २ ऑक्टोबर ११८७ रोजी क्रूसेडरांच्या ताब्यातील जेरुसलेम मुस्लिम सुलतान सलाउद्दीनच्या स्वाधीन झाले तेव्हा पडद्यावर तो सर्वांना सुखरूप जाऊ देतो. १०९९ च्या तुलनेत त्याचे वर्तन खरोखरच संयमाचे होते, हे मान्यच करावे लागते. पण ती सुटका खंडणीवर होती : पुरुषामागे १० दिनार, स्त्रीमागे ५. काही गरिबांची रक्कम एकत्रितपणे भरली गेली, काहींना दयेने सोडण्यात आले, आणि तरीही ज्यांच्यासाठी पैसे उभे राहिले नाहीत असे हजारो लोक गुलामगिरीत गेले. चित्रपटाने हा भाग गाळला, कारण त्याला आपल्या काळासाठी सलोख्याचा संदेश द्यायचा होता. हेतू चांगला असला तरी हिंसा कमी करून दाखवणे हीसुद्धा चूकच आहे, आणि सरांच्या यादीची पद्धत आपण निःपक्षपातीपणे वापरत असू तर ती येथेही वापरावी लागेल. या चित्रपटाच्या श्रेयाच्या बाजूला मी एक गोष्ट लिहीन : ४ जुलै ११८७ ची हत्तीनची निर्णायक लढाई तो दाखवतच नाही, दाखवतो तो नंतर पडलेला प्रेतांचा खच. शक्य झाल्यास दिग्दर्शकाची लांब आवृत्ती मिळवा, कारण चित्रपटगृहात आलेल्या आवृत्तीत पात्रांचे हेतू पुरेसे उलगडत नाहीत.

‘अलेक्झांडर नेव्हस्की’ हा तिन्हींमध्ये जुना आणि माझ्या मते आपल्या वादासाठी सर्वांत उपयुक्त आहे. त्यात ट्यूटॉनिक संघाचे, म्हणजे एका जर्मन लढाऊ धर्मसंघाचे, सरदार रशियातील प्स्कोव्ह शहरात लहान मुले आगीत फेकतात. १९३८ च्या सोव्हिएत प्रेक्षकाला त्या शिरस्त्राणांखाली कोणते जर्मन आहेत हे सांगावे लागत नव्हते. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनीशी अनाक्रमण करार झाला आणि चित्रपट चित्रपटगृहांतून काढून घेतला गेला. जून १९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण केले आणि तो पुन्हा झळकू लागला. सातशे वर्षांपूर्वीची तीच क्रूरता दोन वर्षांत आधी गैरसोयीची आणि मग आवश्यक ठरली. गोठलेल्या सरोवरावरील ५ एप्रिल १२४२ च्या ज्या लढाईवर चित्रपट उभा आहे, तिच्यात शत्रूचे किती लोक पडले याचे आकडे पाहा : रशियन बाजूचा, नोव्हगोरोदचा वृत्तांत ४०० जर्मन सांगतो, तर जर्मन बाजूचा छंदोबद्ध वृत्तांत २० सरदार मारले गेले आणि ६ पकडले गेले असे म्हणतो. पहिला सगळ्याच जर्मनांना मोजतो आणि दुसरा बहुधा केवळ संघाच्या सरदारांना, म्हणून दोन्ही आपापल्या परीने खरे असू शकतात. बर्फ फुटून सरदार बुडाले, हा सर्वांना आठवणारा प्रसंग मात्र या दोन्ही वृत्तांतांत नाही. (तो चित्रित झाला भर उन्हाळ्यात, कृत्रिम बर्फावर; आणि तरी तो पाहताना थंडी वाजते, हे दिग्दर्शक आयझेनस्टाइन आणि संगीतकार प्रोकोफिएव्ह यांचे कौशल्य.)

राहिले दोन सभासद. सरांना पुढील खेळानंतर बोलायची विनंती करा, खेळाआधी नव्हे; आधी चुका सांगितल्या की प्रेक्षक चित्रपट न पाहता चुकाच मोजत बसतात. त्यांना वेळ बांधून द्या आणि एकच प्रश्न द्या : या चित्रपटात कोण कोणाला मारतो, आणि प्रत्यक्षात कोण कोणाला मारत होते? वस्त्रे, शस्त्रे आणि तारखा त्यांनी टंकलिखित पानावर वाटाव्यात. आपल्या यादीचे आधी काय झाले याचा त्यांना राग असणारच, तेव्हा ही विनंती फोनवर न करता समक्ष भेटून करा. बाईंना लेखी उत्तर द्या, कारण त्यांनी लेखी विचारले आहे. आपले पहिले विधान घाईचे होते एवढे त्यात स्पष्ट म्हणा, आणि पुढच्या दोन चित्रपटांत कोणत्या प्रकारची हिंसा आहे हे मोघम शब्द न वापरता कळवा : एकात शिरच्छेद आणि वेढ्यातील मारामारी, दुसऱ्यात मुलांची हत्या, जरी ती जुन्या पद्धतीने चित्रित केलेली असली तरी. हीच माहिती सर्व सभासदांना पाठवायच्या पत्रकात छापा, म्हणजे ती सूचना एकट्या बाईंसाठी आहे असे वाटणार नाही. सभासद मुलांना घेऊन येत असतील तर वयाची अट नीट पाळा.

कार्यकारिणीत रद्द करण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना पाहण्याचा क्रम बदलण्याचा पर्याय द्या. ‘नेव्हस्की’ आधी दाखवा आणि ‘किंगडम ऑफ हेवन’ नंतर. ज्या चित्रपटाची हिंसा सरकारी हुकमाने डब्यात गेली आणि हुकमानेच बाहेर आली, तो एकदा पाहिल्यावर सभासद दुसऱ्या चित्रपटातील सलोख्याकडेही थोड्या सावध नजरेने पाहतील, आणि चर्चेत आपल्याला कोणाचाच बचाव करत बसावे लागणार नाही.